आजोबांच्या वहीत शब्द आहेत पण चाल नाही. नवी चाल लावली तर चालते का?

खंजिरी_दारव्हा:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिलो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूला, घरी सहा एकर, पऱ्हाटी (कापूस) अन् तूर. आजोबा गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे, मोझरीले तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला कधी खाडा नाही, त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. यंदा पावसाच्या आधी माळ्यावरचं सामान खाली काढलं तर त्यात त्यांची वही सापडली, दोनशे पानी, खताच्या पिशवीचं कव्हर घातलेलं, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. त्यात ४१ गाणी आहेत. बरीचशी महाराजांच्या भजनांच्या चालीवर बसवलेली, वर तसं लिहून ठेवलंय, काही पोळ्याच्या झडत्या (पोळ्याला म्हणायची तुकबंदी) आहेत, एक बहात्तरच्या दुष्काळावर. पण चौदा गाणी अशी आहेत की वर चालीचं नावच नाही. नुसते शब्द. घरात कोणाला विचारलं तर बाबा म्हणतात आम्ही कधी ऐकलं नाही बुवा हे.

आता दुसरी गोष्ट. मी यवतमाळला होस्टेलवर होतो तेव्हा रूममेट निर्वाणा हा अमेरिकन रॉक बँड ऐकायचा, त्याच्यामुळे मलाही नाद लागला, गिटार तिथंच शिकलो (मोबाईलवर बघून, त्यामुळे जशी यायची तशी येते). त्यांचा १९९३ चा तो अनप्लग्डचा कार्यक्रम आहे ना, त्यात शेवटचं गाणं आहे 'व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाईट', ते त्यांचं नाहीच, त्यांचा गायक कर्ट कोबेन स्टेजवर स्वतःच सांगतो की हे माझ्या आवडत्या गायकाचं, लेड बेलीचं. मग लेड बेली शोधला. लुईझियानाचा काळा माणूस, जन्म १८८८, बारा तारांची गिटार, आयुष्यातली कितीतरी वर्षं जेलात. त्याचं एक गाणं निघालं 'कॉटन फील्ड्स', कापसाच्या वावरावरचं. रात्री बारा वाजता हेडफोन लावून ऐकून राहिलो अन् बाहेर आमची पऱ्हाटी उभी. कसं वाटलं ते लिहिता येत नाही.

तर प्रश्न असा आहे की तिकडचे आजचे मोठमोठे लोक ह्या जुन्या लोकांना ट्रिब्यूट देतात म्हणजे नेमकं करतात काय? जशीच्या तशी गातात का बदलून? अन् मी ह्या चौदा गाण्यांना माझ्या मनानं चाल लावली, गिटार घेतली, माझा एक दोस्त धुमाल पार्टीत (लग्नावरातीत ढोल वाजवणारी) वाजवतो त्याला घेतलं, तर ते आजोबांचं राहील का माझं होईल? बाबा म्हणतात वहीला हात लावू नको, पूजेत ठेव.

वर्धा_रेडिओ:
भाऊ, तुमची केस हुबेहूब तिकडे होऊन गेलेली आहे, नवल वाटेल तुम्हाला.

वुडी गथ्री म्हणून माणूस होता, ओक्लाहोमामधल्या ओकीमा गावचा, जन्म १९१२. तिकडे तीसच्या दशकात मोठा दुष्काळ पडला, नांगरून मोकळी केलेली माती वाऱ्यानं उडून गेली, कास्तकार घरदार गाडीवर टाकून कॅलिफोर्नियाकडे निघाले, हा माणूस त्यांच्यातलाच, त्यांच्यावर गाणी केली. गिटारवर लिहून ठेवलं होतं की हे यंत्र फॅसिस्टांना मारते. पुढे त्याला हंटिंग्टन नावाचा मज्जातंतूंचा आजार झाला, घराण्यातूनच आलेला, आईलाही तोच होता, शेवटची वर्षं दवाखान्यातच गेली अन् १९६७ मध्ये वारला. मागे राहिले हजाराच्या वर गाण्यांचे शब्द, वह्यांमध्ये, सुट्या कागदांवर. चाली त्याच्या डोक्यात होत्या, नोटेशन काही तो लिहीत नव्हता, त्यामुळे त्याच्याबरोबर चाली गेल्या.

त्याची मुलगी नोरा हे सगळं सांभाळत होती. तिनं काय केलं, तर आपल्या बापासारखंच हुबेहूब गाणाऱ्या कोणा म्हाताऱ्याला नाही बोलावलं, बिली ब्रॅग नावाच्या एका इंग्लंडच्या गायकाला बोलावलं की हे घे शब्द अन् तुझ्या चाली लाव. त्यानं विल्को नावाचा अमेरिकन बँड सोबत घेतला. १९९८ ला अल्बम आला, 'मर्मेड अ‍ॅव्हेन्यू'. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड भागात वुडी ज्या रस्त्यावर राहत होता त्या रस्त्याचं नाव. त्यातलं 'कॅलिफोर्निया स्टार्स' ऐका आधी, मग बाकीचं. ऐकताना कुठंच वाटत नाही की जुनं काही उकरून काढलंय. २००० मध्ये दुसरा भाग आला. मधल्या काळात ब्रॅग अन् विल्को यांच्यात वाजलं, आपल्या भजनी मंडळात कसं पेटी कोणाकडे राहील यावरून वाजते तसं, पण गाणी राहिली.

पुढे त्याच कागदांवरून क्लेझमॅटिक्स नावाच्या ज्यू संगीतवाल्या बँडनं २००६ मध्ये वेगळाच अल्बम केला अन् ग्रॅमी हे संगीताचं मोठं बक्षीस घेऊन गेले. म्हणजे एका बापाची वही, तीन घरांत तीन चाली.

अन् गंमत बघा, वुडी स्वतः काय करायचा? उलटं. जुन्या चाली घ्यायचा अन् त्यावर आपले शब्द. त्याचं सगळ्यात गाजलेलं 'धिस लँड इज युवर लँड' (१९४० मध्ये लिहिलं) त्याची चाल कार्टर फॅमिलीच्या जुन्या रेकॉर्डवरून आलेली. म्हणजे तुमचे आजोबा महाराजांच्या चालीवर बसवत होते तेच. त्यामुळे माझं मत, बिनधास्त लावा चाल. वही पूजेत ठेवा की, पण आधी एकेका पानाचा फोटो काढून ठेवा. वाळवी पूजा पाहत नसते.

बंडीवान:
माफ करा राजेहो पन मले हे काही पटत नाही.

ट्रिब्यूट म्हनजे काय ते आमी पाहून राहिलो ना. आमच्या गावच्या पोऱ्यांनी मागच्या वर्षी पोळ्याच्या झडतीले डीजेचा बीट लावून रील केली, लाखाच्या वर लोकायनं पाह्यली, पन ज्या बुढ्यानं ते झडती तोंडपाठ सांगितली त्याचं नाव खाली लिवलं काय? नाही लिवलं. बुढा तिकडं खाटेवर खोकलून राहिला अन् इकडं पोट्टे फेमस. मी स्वतः त्यायले म्हनलं बापाहो नाव तरी टाका, तं म्हने काका कॅप्शन लांब होते.

अन् अमेरिकेचं कवतिक करू नका जास्त. हा जो लेड बेली हाये ना, त्याले १९३३ मधी अँगोला जेलात जाऊन लोकगीतं गोळा करनाऱ्या लोमॅक्स बापलेकानं रेकॉर्ड केलं, चांगलं काम केलं, मी नाही म्हनत नाही, थे नसते गेले तं आज कोनाले मालूम नसतं पडलं. पन 'गुडनाईट आयरीन'वर लेखक म्हनून लोमॅक्सचं बी नाव लागलं. काऊन? यानं वावर पेरलं काय? पोतं शिवलं म्हून पीक अर्धं तुह्यं? अन् लेड बेली मेला डिसेंबर १९४९ मधी, तंगीतच, अन् सहा-सात महिन्यानं तेच गानं वीव्हर्स नावाच्या गोऱ्या मंडळीनं गायलं तं १३ आठवडे एक नंबरवर. जित्तेपनी हाल, मेल्यावर हार.

तुह्या आजाची वही तुह्यापाशीच ठेव. गिटारबिटार लावून तिची खिचडी नको करू.

खंजिरी_दारव्हा:
काका, नावाचा मुद्दा एकदम मान्य. पण वही कपाटात ठेवली तर गाणं कोण म्हणेल? चाल माहीत असती तर मी मुकाट्यानं तीच म्हटली असती.

मास्तरीणबाई_ब्रह्मपुरी:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, २२ वर्षं झाली. बंडीवान भाऊंचं दुखणं खरं आहे पण त्यांच्या उपायानं गाणं मरते, एवढंच म्हणेन.

आपण सगळ्यांनी शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हटलंय. परिपाठात आजही होते. ते 'वी शॅल ओव्हरकम'चं हिंदी रूप. पण ते इंग्रजी गाणं तरी कोणाचं? मुळात चर्चमधली जुनी भजनं. १९४५ मध्ये साऊथ कॅरोलायनाच्या चार्ल्सटन शहरात तंबाखूच्या कारखान्यातल्या कामगारांनी संप केला, त्यात काळ्या बाया बहुसंख्य, थंडीपावसात गेटवर उभं राहून त्या हे गायच्या. त्यातली ल्युसील सिमन्स नावाची बाई फार संथ लयीत, एकेक शब्द ओढून गायची म्हणतात. टेनेसीमधल्या हायलँडर नावाच्या शाळेत झिल्फिया हॉर्टननं ते उचललं, तिच्याकडून लोकगायक पीट सीगर शिकला, मग गाय कॅरावान नावाच्या गायकानं १९६० मध्ये काळ्या विद्यार्थ्यांच्या चळवळीत ते पोचवलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलींच्या आया डोळ्यांसमोर आल्या, सुपात तंबाखू अन् तेंदूची पानं घेऊन ओसरीवर विड्या वळतात, बोटं चालू अन् गाणंही चालू, कोणी बाहेरचं आलं की गाणं बंद. त्या गाण्यांना कोणाचं नाव आहे?

आणि बंडीवान भाऊ, नावाचं पुढं काय झालं तेही ऐका. त्या गाण्याचा कॉपीराइट सीगर वगैरे चौघांच्या नावानं नोंदवला गेला, पण त्याची रॉयल्टी त्यांनी घरी नेली नाही, त्यासाठी एक निधी केला, दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या कामासाठी. पुढे कोर्टकज्जा होऊन २०१८ मध्ये ते गाणं सगळ्यांसाठी मोकळं झालं. म्हणजे चोरी आणि वारसा याच्या मधलीही एक वाट असते.

आता एलिझाबेथ कॉटन या गिटारवालीचं सांगते, कारण ही बाई मला फार आवडते. नॉर्थ कॅरोलायनाची. डावखुरी. गिटारच्या तारा उजव्या हाताच्या हिशेबानं लावलेल्या, हिनं तारा न बदलता गिटारच उलटी धरली. त्यामुळे जिथं बाकीचे अंगठ्यानं जाड तारा वाजवतात तिथं ही बोटांनी, अन् सूर अंगठ्यानं. आजही गिटारवाले ती पद्धत शिकतात. लहानपणीच 'फ्रेट ट्रेन' गाणं केलं. मग लग्न, चर्च, लोकांची धुणीभांडी, गिटार सुटली ती सुटलीच, कितीतरी दशकं. एका मोठ्या दुकानात काम करत असताना एक हरवलेली पोरगी हिनं आईकडे पोचवली, ती निघाली पेगी सीगर, पीटची सावत्र बहीण. त्यांच्याकडे ही कामाला लागली अन् तिथं भिंतीवर टांगलेली गिटार काढून एक दिवस स्वयंपाकघरात वाजवत बसली. साठी ओलांडल्यावर पहिला अल्बम, १९५८. नव्वदीच्या घरात ग्रॅमी. आणि २०१५ मध्ये र्‍हायनन गिडन्स नावाच्या गायिकेनं आपल्या अल्बममध्ये तिचं 'शेक शुगरी' घेतलं, ते ऐका, तुम्हाला कळेल आदर म्हणजे कसा असतो. कुठंही आपलं शहाणपण दाखवत नाही.

तर बाळा, माझा प्रश्न एवढाच, तू वडलांना विचारलंस. आजीला विचारलंस का? आहे ना आजी?

खंजिरी_दारव्हा:
आहे बाई, ८१ वर्षांची आहे. पण ती भजनात कधी बसली नाही, मंडळात बाया नसायच्याच तेव्हा. आजोबा गायचे, ती चहा करायची. मला सुचलंच नाही तिला विचारायचं. ऐकूही कमी येते.

पुण्यातला_वणीकर:
सुचलं नाही 😀 भावा, आपण सगळेच असे.

मी मूळचा वणीचा, आता पुण्यात आयटीत, बँजो वाजवतो (हो, इथे असे चार-पाच वेडे आहेत, महिन्यातून एकदा भेटतो). बँजो म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं लग्नाच्या बँडमधला बटणांचा बुलबुल, तो नाही, हा कातडी ताणलेला अन् लांब मानेचा. मला हा नाद लागला तो कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या बँडमुळे. मास्तरीणबाई म्हणतात त्या गिडन्स त्यातल्याच. आधी मलाही वाटायचं बँजो म्हणजे गोऱ्या डोंगरी लोकांचं वाद्य. तर ते आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचं. सुरुवातीचे बँजो भोपळ्याचे, वर कातडं ताणून, आपल्याकडे एकतारीला कसा भोपळा असतो तसेच. नंतर गोऱ्यांनी उचललं, काळ्यांनी सोडलं, अन् शंभर वर्षांत लोक विसरले की कोणाचं होतं.

ह्या तिघा तरुणांनी काय केलं, २००५ मध्ये बँड काढला पण त्याच्या आधी अन् नंतरही जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या फिडलवाल्याच्या (फिडल म्हणजे व्हायोलिनच) घरी, मेबन गावात, आठवड्यागणिक जाऊन बसायचे. जन्म त्याचा १९१८ चा, म्हणजे तेव्हाच ८७ च्या आसपास. तो वाजवणार, हे मागे वाजवणार. शिकवणी वगैरे नाही. तो जिथं अडखळायचा तिथं हेही अडखळायला शिकले असणार असं मला आपलं वाटतं, कारण त्यांच्या वाजवण्यात ती एक मस्त लंगडी लय आहे. २०१० चा त्यांचा अल्बम, त्याला ग्रॅमी मिळालं. २०२४ ला बियॉन्से या गायिकेचं 'टेक्सस होल्डेम' गाजलं त्याच्या सुरुवातीचा बँजो गिडन्सचाच. म्हणजे म्हाताऱ्याच्या ओसरीवरून थेट तिथं.

अजून एक. वर्धा_रेडिओ काकांनी कार्टर फॅमिलीचं नाव काढलं म्हणून. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावात त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग झालं, कंट्री संगीताची सुरुवातच तिथून धरतात. घरातला मुख्य माणूस ए. पी. कार्टर, हा डोंगरात गावोगाव फिरून गाणी गोळा करायचा. पण त्याच्या लक्षात चाल राहायची नाही! मग त्यानं लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवाला सोबत घेतला. कार्टर शब्द लिहून घेणार, रिडल चाल डोक्यात ठेवून येणार अन् घरी येऊन वाजवून दाखवणार. रेकॉर्डवर नाव कार्टरांचं. रिडल पुढे गिटार विकून मोकळा झाला होता, साठच्या दशकात पीटचा सावत्र भाऊ माइक सीगरनं त्याला हुडकून काढला तेव्हा जगाला कळलं.

तर तुझ्या घरातला लेस्ली रिडल कोण ते शोध. माझी पैज चहा करणाऱ्या बाईवर.

बंडीवान:
हे रिडलचं मले मालूम नव्हतं. चांगली गोठ सांगितली. तेच तं म्हनून राहिलो मी, वही लिवनारा येगळा अन् चाल धरनारा येगळा.

अन् वणीकर भाऊ, कापसाचा इषय निघाला तं एक सांगतो. लेड बेलीचं 'बोल वीव्हिल' नावाचं बी गानं हाये. हे बोंडअळी नाही, सोंडवाला भुंगेरा हाये, पन काम तेच, पात्या-बोंडात घुसून सत्यानाश. मेक्सिकोतून १८९२ च्या आसपास टेक्सासात आला अन् मंग अख्खा कापूसपट्टा खाल्ला. गान्यात कास्तकार अन् किडा एकमेकाशी बोलते. किडा म्हनते मी घर शोधून राहिलो. मी ऐकलं अन् २०१७ आठवलं, गुलाबी बोंडअळीचं. त्या साली बोंड फोडलं की अंदर अळी, दुसरं फोडलं तं अंदर अळी, मी धुऱ्यावर बसून एका दिवसात पन्नासेक बोंडं फोडली, काऊन फोडत होतो मले बी नाही मालूम. पऱ्हाटी उपटली, रोटाव्हेटर मारला. आपल्याकडं त्याच्यावर मोर्चे निंघाले, अर्ज भरले, पंचनामे झाले, गानं कोनं केलं? अलाबामात एंटरप्राइज गावानं तं १९१९ मधी त्या भुंगेऱ्याचा पुतळा हुबा केला भर चौकात, की बाप्पा तुह्यामुळं आमी कापूस सोडून भुईमूग लावला अन् तरलो. येडे लोक हायेत, पन मजा हाये.

व्हाइट स्ट्राइप्स नावाचे दोघं वाजवनारे होते, डोक्श्यात कळ आनतीन असं वाजवते, पोरगा लावते घरी म्हून मालूम. ते आपल्या कार्यक्रमाच्या शेवटी हेच भुंगेऱ्याचं गानं घेत. शंभर वर्षाचा किडा आजून जित्ता.

वर्धा_रेडिओ:
बंडीवान भाऊ, म्हणजे तुम्ही सगळं ऐकून बसलाय अन् वर आम्हाला म्हणता कवतिक करू नका 😄

'कॉटन फील्ड्स'चं एक राहिलं. त्यात गाव सांगितलंय टेक्सार्काना अन् म्हणतो लुईझियानात, पण ते आहे टेक्सस-आर्कान्सॉच्या सीमेवर. कोणी म्हणावं माझं गाव नागपूरजवळ, नांदेड जिल्ह्यात. तरी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडनं १९६९ मध्ये ते तसंच गायलं, दुरुस्त नाही केलं. जुनं गाणं गाताना चूकही सांभाळावी की नाही यावर माझी अन् माझ्या भावाची एकदा रात्रभर भांडणं झाली, सोडा ते.

अमेरिकन रॉक गायक स्प्रिंगस्टीनचं उदाहरण खंजिरीवाल्या भाऊंना उपयोगाचं आहे. २००६ मध्ये त्यानं 'सीगर सेशन्स' केला. पीट सीगरच्या नावानं अल्बम, पण त्यातलं एकही गाणं सीगरनं लिहिलेलं नाही! सीगर जी जुनी गाणी आयुष्यभर गात हिंडला ती घेतली. आपल्या फार्महाऊसमध्ये डझनभर लोक गोळा केले, फिडल, बँजो, अ‍ॅकॉर्डियन, तुताऱ्या, अन् रिहर्सल न करता थेट रेकॉर्डिंग, मध्येच तो ओरडून सूर बदलायला सांगतो तेही तसंच ठेवलंय. आपल्या जागरणासारखं ऐकू येते. म्हणजे मान गाणं लिहिणाऱ्यालाच द्यावा असं नाही, गाणं वाहून आणणाऱ्याचाही असतो. तुमचे आजोबा लिहिणारे होते का वाहणारे, ते आधी बघा.

अन् नावावरून आठवलं म्हणून लिहितो. जानेवारी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात लॉस गॅटोस कॅन्यनमध्ये विमान पडलं, मेक्सिकोचे २८ शेतमजूर परत पाठवत होते ते मेले अन् विमानातले चार अमेरिकन. बातमीत चौघांची नावं, मजूर म्हणजे नुसते 'डिपोर्टी', देशाबाहेर पाठवलेले. वुडी गथ्रीला ते लागलं, त्यानं कविता लिहिली. चाल त्यालाही लागली नाही, दहाएक वर्षांनी मार्टिन हॉफमन नावाच्या मास्तरनं लावली, मग सीगर, स्प्रिंगस्टीन, कितीजणांनी गायली. अन् २०१३ मध्ये फ्रेस्नोच्या कब्रस्तानात दगडावर त्या २८ जणांची नावं कोरली गेली. ६५ वर्षांनी. गाणं गात राहिले म्हणून कोणीतरी नावं शोधायला गेलं.

खंजिरी_दारव्हा:
मंडळी, चार दिवस नेट नव्हतं, पाऊस अन् लाइटीचा लपंडाव. आता ऐका काय झालं ते.

आजीजवळ बसलो. ती तूर पाखडून राहिली होती. म्हटलं आजी हे वाचून दाखवू का, तर म्हणे वाच. मी ते कापसाचं वाचायला घेतलं, पहिल्या ओळी अशा आहेत,

पांढरं सोनं म्हनते मालक, वटीत माह्या काटे
वेचू वेचू बोटं फाटले, कुठं गेले वाटे

दुसऱ्यांदा वाचेपर्यंत सूप थांबलं. म्हणे असं नाही बे, हळू. अन् म्हणायला लागली. पूर्ण गाणं. आवाज फाटका, दम लागते, पण चाल अशी की दर ओळीच्या मध्ये एक थांबा आहे, मला आधी वाटलं दम घेते, तर नाही, म्हणे तिथं बोंडातून कापूस ओढायचा, मंग पुढचा शब्द. हात करून दाखवला. वाकून, एका हातानं बोंड धरायचं, दुसऱ्यानं ओढून वटीत टाकायचं, तेवढा वेळ गाणं गप. मी गिटारवर कितीही चाल बसवली असती तरी हा थांबा मला सात जन्मात सुचला नसता.

वहीत दोन शब्द चुकलेत म्हणे. "तुह्या आजानं वसरीतून ऐकून लिवलं, त्याले काय मालूम."

चौदापैकी नऊ तिला येतात. चार म्हणे ऐकलीच नाहीत कधी, अन् एकाला ती हसली फक्त, म्हणाली ते नाही सांगत, ते बायाबायाचं हाये.

पण खरा घोळ पुढे आहे. मी खुश होऊन म्हटलं आजी, मंग हे गाणं तुझं म्हणून नाव टाकतो. तर एकदम तडकली. म्हणे माहं काऊन, हे तं वेचाले बाया येत ना बाहेरून, पुसदच्या पलीकडून, उमरखेडकडच्या, दिवाळीपासून तं थेट संक्रांतीलोक राहत आपल्या वावरात झोपड्या टाकून, त्यायचं हाये. त्यातली एक काळीसावळी उंच बाई होती, डाव्या हातावर गोंदलेलं, ती सुरू करायची अन् बाकीच्या उचलायच्या. नाव विचारलं तर आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणे, नाव घेत नव्हतो आमी, तिले तिच्या पोराच्या नावानं हाक मारत होतो, अन् पोराचं नाव बी आता आठोत नाही.

अंदाजे पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, आजीच्या हिशेबानं "तुहा बाप रांगत होता तवा".

मोबाईलवर रेकॉर्ड केलं सगळं. मागे सुपाचा आवाज आहे अन् आमची बकरी. मित्राला ऐकवलं, धुमालवाल्या, तो म्हणे याच्यावर ढोल नको, सुपाचाच ठेका धरू. दोन दिवस झाले, तूर नसताना सूप कसं वाजवायचं याच्यावर डोकं लावून बसलोय, रिकामं सूप वेगळंच वाजते.

बाबा काल म्हणाले वही दे जरा. अन् अंगणात घेऊन बसले, वाचत.

मास्तरीणबाई_ब्रह्मपुरी:
ते जे सांगितलं नाही ना आजीनं, ते तू विचारू नको. सून किंवा नात असेल घरात तर तिला विचारू दे. रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या मोबाईलवर आजच ठेव.

बंडीवान:
रिकाम्या सुपात मूठभर सरकी टाकून पाह्य. तूर लय कडक वाजते.

अन् कॅप्शन लांब झालं तं होऊ दे.

खंजिरी_दारव्हा:
सरकी! काका, आज संध्याकाळी करतो.

तोपर्यंत एक विनंती सगळ्यांना. उमरखेड, महागाव, हदगाव त्या बाजूचं कोणी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या बायांना ह्या दोन ओळी म्हणून दाखवा. मध्ये थांबून म्हणा, बोंड ओढायला जेवढा वेळ लागते तेवढा.

पुण्यातला_वणीकर:
माझी मोठी आत्या महागावला दिली आहे. ७८ वर्षं वय, लग्नाआधी मजुरीला दारव्ह्या-दिग्रसकडे जायची हे नक्की माहीत आहे. आत्ता फोन लावला तर झोपली म्हणे. रविवारी मी स्वतः जातो.